मॅकवर लिंक होत नाही, ग्वाल्हेरला चालत नाही: शेअर्ड लायब्ररीचं घोडं नेमकं कुठे अडतं

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच कळेल. इंदूरच्या एका मराठी संस्थेचे जुने अंक लेगसी फॉन्टात टाइप केलेले आहेत. ते युनिकोडमध्ये आणणारं कमांड-लाइन टूल तू सी भाषेत लिहिलंस. मुख्य प्रोग्रॅम छोटा, बाकी सगळं काम 'लिबलिपी' या तुझ्याच शेअर्ड लायब्ररीत (म्हणजे प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या वेगळ्या फाइलीत), आणि खाली आयसीयू (युनिकोडची कामं करणारी लायब्ररी) व आयकॉन्व्ह (एन्कोडिंग बदलणारी). उबुंटू २२.०४ वर सगळं सुरळीत. रामबागेतल्या डिझायनर ताईंच्या मॅकवर मात्र लिंकर (तुकडे जोडून बायनरी तयार करणारा प्रोग्रॅम) 'अनडिफाइन्ड सिम्बॉल आयकॉन्व्ह-ओपन' म्हणतो, आणि 'मायनस एल आयकॉन्व्ह' देऊनही तेच म्हणतो. संस्थेच्या विंडोज मशीनवर डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) तयारच होत नाही. आणि ग्वाल्हेरच्या सेंटओएस ७ सर्व्हरवर तयार बायनरी नेऊन ठेवली, तर 'ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड' (ग्लिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). शेवटी तू विचारलंस, "काका, कुठल्या सिस्टिमवर कोणतं लायब्ररी-पाथ व्हेरिएबल सेट करू?"

कोणतंच नको. ही व्हेरिएबलं तुझ्या स्वतःच्या मशीनवर घटकाभर तपासून बघायला ठीक आहेत. दुसऱ्याच्या हातात टूल देताना त्यांच्यावर भिस्त ठेवलीस की ताईंचा दर आठवड्याला फोन येणार. तुझ्या सगळ्या अडचणी वेगवेगळ्या आहेत, पण सोडवायची रीत एकच: लिंकरने बायनरीत काय लिहून ठेवलंय ते वाच, मग बोल. (कमांडी मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

एखादं फंक्शन लायब्ररीतून येतं तेव्हा तीन ठिकाणी तीन वेगळे निर्णय होतात. कंपायलर हेडर (फंक्शनांची नावं जाहीर करणारी फाइल) वाचतो आणि फंक्शनचं नाव पक्कं करतो. लिंकर त्या नावाचा सिम्बॉल कुठल्या तरी लायब्ररीत आहे ना हे बघतो आणि बायनरीत तशी नोंद करतो. प्रोग्रॅम चालू होताना लोडर ती नोंद वाचून खरी फाइल शोधतो. तिन्ही वेळी एकच लायब्ररी समोर असेल अशी खात्री कोणीही देत नाही. ताईंच्या मॅकवर पहिल्या दोघांचं जुळलं नाही, ग्वाल्हेरला दुसऱ्या-तिसऱ्याचं.

आता नोंद काय होते ते बघ, कारण तिन्ही सिस्टिम इथेच वेगळ्या वाटेने जातात. लिनक्सच्या बायनरीत फक्त नाव असतं, आणि तेही तू दिलेल्या फाइलचं नाही, त्या लायब्ररीच्या पोटात लिहिलेलं एसओनेम. म्हणजे चिठ्ठीवर 'जोशी, लोकमान्य नगर' एवढंच. लोडर चौकशी करत जातो आणि त्या नावाचा जो पहिला भेटेल त्याला चिठ्ठी देतो. कोणतं फंक्शन कोणत्या लायब्ररीतून घ्यायचं हेही साधारणपणे लिहिलेलं नसतं. लोड झालेल्या लायब्रऱ्यांत क्रमाने शोधायचं, पहिलं सापडेल ते आपलं. मॅकवर घर क्रमांकासकट पूर्ण पत्ता असतो, त्याला इन्स्टॉल-नेम म्हणतात, आणि २००१ च्या १०.१ आवृत्तीपासून कोणता सिम्बॉल कोणाकडून यायचा हेही टिपलेलं असतं. विंडोजवर डीएलएलचं नाव आणि तिच्यातून घ्यायची फंक्शनं लिहिलेली असतात, पत्ता नसतो. शोध सुरू होतो तो एक्झी ज्या फोल्डरात आहे तिथून.

हे वाचायचं कसं? लिनक्सवर 'रीडएल्फ मायनस डी', मॅकवर 'ओटूल मायनस कॅपिटल एल', विंडोजवर 'ऑब्जडंप मायनस पी' किंवा व्हिज्युअल स्टुडिओ असेल तर 'डम्पबिन'. तू एलडीडीचं आउटपुट पाठवलंस, पण एलडीडी सांगतो ते तुझ्या मशीनवर आज शोध घेतल्यावर काय मिळालं ते. बायनरीत काय लिहिलंय हा प्रश्नच वेगळा. शिवाय काही परिस्थितींत एलडीडी तो प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवूही शकतो, म्हणून कुठून तरी आलेल्या अनोळखी बायनरीवर तो मी कधीच वापरत नाही.

मॅकपासून सुरू करतो, कारण तिथे तू सर्वांत जास्त अडकलायस.

ग्लिबसीमध्ये आयकॉन्व्ह घरचंच आहे, म्हणून उबुंटूवर वेगळी लायब्ररी लागली नाही. मॅकवर ती वेगळी आहे, म्हणून 'मायनस एल आयकॉन्व्ह' हवंच. मग ते देऊनही का चाललं नाही? तू आयसीयू मॅकपोर्ट्समधून (मॅकवर मोकळी सॉफ्टवेअरं बसवायची यंत्रणा) घेतलंस आणि त्यासाठी लिंकरला 'ऑप्ट-लोकल-लिब' हा फोल्डर दाखवलास. त्या फोल्डरात मॅकपोर्ट्सची स्वतःची आयकॉन्व्हही आहे, ग्नू प्रकल्पाची. ग्नूच्या हेडरमध्ये 'आयकॉन्व्ह-ओपन' हे नाव मॅक्रोने 'लिबआयकॉन्व्ह-ओपन' असं बदललेलं असतं आणि लायब्ररी त्याच बदललेल्या नावाने सिम्बॉल देते. तुझ्या मेकफाइलमध्ये (बांधायची कृती लिहिलेली फाइल) मॅकपोर्ट्सचा इन्क्लूड फोल्डर फक्त आयसीयू वापरणाऱ्या फाइलला दिलाय. आयकॉन्व्ह वापरणारी फाइल ॲपलचं हेडर घेऊन कंपाइल झाली, तिला साधं नाव हवंय, आणि लिंकरला आधी भेटली ती ग्नूची लायब्ररी. सिम्बॉलांची यादी देणारं 'एनएम' चालवून बघ, दोन्ही नावं समोरासमोर दिसतील. फ्रीबीएसडी या युनिक्स-सिस्टिमवर हाच गोंधळ उलट्या बाजूने होतो: तिथे दहाव्या आवृत्तीपासून आयकॉन्व्ह मूळ सी लायब्ररीत आहे, पण पोर्ट्समधलं हेडर आधी सापडलं तर कोड 'लिबआयकॉन्व्ह' मागत बसतो.

तुला तातडीचा उपाय हवा असेल तर दोन्ही फाइलींना एकच इन्क्लूड फोल्डर दे. पण मला विचारशील तर आयकॉन्व्ह काढूनच टाक. आयसीयूकडे स्वतःचे कन्व्हर्टर आहेत, यूटीएफ-१६ वरून यूटीएफ-८ वर यायला दुसरी लायब्ररी कशाला? पोर्टिंगमध्ये कमी केलेली प्रत्येक लायब्ररी तीन सिस्टिमवरचा त्रास वाचवते.

आणि इंटरनेटवरून उचललेलं ते 'अनडिफाइन्ड डायनॅमिक-लुकअप' हे लिंकरचं ऑप्शन मेकफाइलमधून आजच काढ. त्याने एरर गेली नाही, ती प्रोग्रॅम चालवायच्या वेळेपर्यंत पुढे ढकलली गेली. पायथनसारख्या यजमान प्रोग्रॅममध्ये शिरणाऱ्या प्लगिनला त्याचा खरा उपयोग आहे. तुझ्या टूलमध्ये तो फक्त चूक झाकतो.

लिंक झाल्यावर ताईंना आलेली 'लायब्ररी नॉट लोडेड: बिल्ड स्लॅश लिबलिपी डॉट डायलिब' ही एरर वाचलीस का नीट? कारण तिच्यातच लिहिलंय. इन्स्टॉल-नेम तू दिलंच नाहीस, म्हणून लिंकरने आउटपुटचा पाथ जसाच्या तसा उचलला, आणि तोच मुख्य प्रोग्रॅममध्ये उतरला. प्रोजेक्टच्या फोल्डरात उभं राहून चालवलं तर चालतं, बाहेरून चालत नाही. लिबलिपी बांधताना इन्स्टॉल-नेम '@आरपाथ स्लॅश लिबलिपी डॉट डायलिब' असं दे आणि मुख्य प्रोग्रॅम लिंक करताना आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते बायनरीतच लिहिलेलं) '@एक्झिक्युटेबल-पाथ' पासून सापेक्ष ठेव, म्हणजे 'बिन' च्या शेजारचं 'लिब'. मग पूर्ण फोल्डर कुठेही हलवला तरी चालेल.

आधीच बांधून झालेल्या लायब्ररीचा पत्ता बदलायला 'इन्स्टॉल-नेम-टूल' आहे. त्यात दोन खाचखळगे. नवा पत्ता जुन्यापेक्षा लांब असला तर बायनरीच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये जागा पुरत नाही. म्हणून लिंक करतानाच 'हेडरपॅड-मॅक्स-इन्स्टॉल-नेम्स' देऊन ठेवायचं. आणि बायनरीत एक बाइट जरी बदलली तरी तिची सही मोडते. एम-वन आणि पुढच्या मॅकवर निदान तात्पुरती सही नसलेला कोड चालतच नाही. टर्मिनल फक्त 'किल्ड' म्हणतं आणि माणूस डोकं धरून बसतो. बदल झाले की शेवटी 'कोडसाइन' फोर्सने चालव. इन्स्टॉल-नेम-टूलची नवी आवृत्ती बऱ्याचदा हे स्वतः करते, पण त्यावर विसंबू नकोस.

डीवायएलडी-लायब्ररी-पाथ हे मॅकचं व्हेरिएबल सेट करूनही फरक पडला नाही असं तू लिहिलंस. तुझी टेस्ट शेल स्क्रिप्टमधून चालते ना? २०१५ च्या एल कॅपिटनपासून सिस्टिमच्या संरक्षित प्रोग्रॅमांना, म्हणजे 'बिन-एसएच' लाही, ही व्हेरिएबलं मिळतच नाहीत, मध्येच गळून जातात. तुझं काही चुकलं नव्हतं. आणखी एक: 'यूएसआर-लिब' मध्ये सिस्टिमच्या लायब्रऱ्या डोळ्यांनी शोधू नकोस. २०२० च्या बिग सरपासून त्यातल्या बहुतेक फाइली डिस्कवर दिसतच नाहीत, एका मोठ्या सामायिक कॅशमध्ये असतात. ओटूलमध्ये पत्ता आहे आणि फाइल नाही म्हणून दोन दिवस घालवणारे लोक मी पाहिलेत.

आता विंडोज. तिथली एरर आयकॉन्व्हची नाहीच. लिबलिपी तुझ्या मुख्य प्रोग्रॅममधलं 'नोंद-कर' हे लॉगिंगचं फंक्शन हाक मारून बोलावते. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररीत अपुरे सिम्बॉल राहिले तरी लिंकर कुरकुर करत नाही, चालवताना कोणीतरी देईल असं धरून चालतो. विंडोजवर डीएलएल बांधतानाच प्रत्येक सिम्बॉलचा मालक ठरलेला लागतो. मॅकचा लिंकरही मुळात तसाच कडक आहे, तू डायनॅमिक-लुकअपने त्याचं तोंड बंद केलं होतंस. उपाय सोपा: लायब्ररीने वर हाक मारायचीच नाही. 'लिपी-सुरू' मध्ये फंक्शन पॉइंटर घे, मुख्य प्रोग्रॅम आपलं लॉगिंग त्यातून देईल. आणि उबुंटूवरच लिंकरला 'झेड डेफ्स' दे, म्हणजे तोही अपुऱ्या सिम्बॉलवर तिथेच थांबेल. एवढ्या एका ऑप्शनने मॅक-विंडोजच्या निम्म्या तक्रारी तुझ्या टेबलावरच सुटतात. कॉलेजात हे कोणी शिकवत नाही, का ते देव जाणे.

एक्स्पोर्टबद्दल थोडं. मिनजीडब्ल्यूमध्ये (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर) तू काहीच खूण केली नाहीस तर सगळं एक्स्पोर्ट होतं, म्हणून सुरुवातीला काम होऊन जातं. त्या सवयीवर राहू नकोस. तिन्ही सिस्टिमसाठी एकच मॅक्रो लिही: विंडोजवर तो डीएलएल-एक्स्पोर्ट किंवा इम्पोर्ट होईल, बाकी ठिकाणी 'व्हिजिबिलिटी डिफॉल्ट', आणि कंपायलरला सांग की बाकीचं सगळं लपव. फंक्शनं इम्पोर्टच्या खुणेशिवायही चालून जातात. ग्लोबल व्हेरिएबलं मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर नाही चालत. म्हणून लायब्ररीच्या सीमेवर व्हेरिएबल ठेवूच नये, त्याला वाचणारं फंक्शन ठेवावं.

पुढे तुझं टूल विंडोजवर 'फ्री' करताना कोसळेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. लिबलिपी मॅलॉकने मेमरी घेऊन स्ट्रिंग देते आणि मुख्य प्रोग्रॅम ती मोकळी करतो. लिनक्सवर साधारणपणे एका प्रोसेसमध्ये सी लायब्ररी एक, मेमरीचा साठा एक. विंडोजवर एकाच प्रोसेसमध्ये दोन सी रनटाइम सुखाने नांदू शकतात, प्रत्येकाचा साठा वेगळा. एमसिस२ मध्ये (विंडोजवर ही साधनं पुरवणारा संच) मिनजीडब्ल्यू६४ हे वातावरण एमएसव्हीसीआरटी या जुन्या रनटाइमवर चालतं आणि यूसीआरटी६४ हे यूसीआरटी या नव्या रनटाइमवर. तू आयसीयू एकातून आणि कंपायलर दुसऱ्यातून घेतलायस असं तुझ्या पाथवरून दिसतंय. सगळं यूसीआरटी६४ मधून घे. तरीही 'लिपी-मोकळे' असं फंक्शन लिहीच: ज्याने मेमरी घेतली त्यानेच ती सोडायची. फाइल पॉइंटरही सीमेपलीकडे देऊ नकोस, फाइलचं नाव दे. डीएलएल सापडण्याचा प्रश्न मात्र इथे सर्वांत सोपा, सगळ्या डीएलएल एक्झीच्या शेजारी ठेवल्या की झालं.

राहिलं ग्वाल्हेर. तिथल्या एररचा अर्थ लोक 'ग्लिबसी जुनी आहे, नवी टाका' असा लावतात. तिथल्या सर्व्हरवाल्या भाऊंनी उबुंटूची 'लिबसी डॉट एसओ डॉट ६' कॉपी करून टाकू का असं विचारलंय, त्यांना आत्ता फोन करून नाही सांग. सिस्टिमची ती फाइल बिघडली तर 'एलएस' सुद्धा चालणार नाही, मग दुरुस्त कशाने करणार?

होतं असं. ग्लिबसीतल्या प्रत्येक सिम्बॉलला आवृत्तीची चिठ्ठी असते. तू बांधतोस त्या मशीनवर जी सर्वांत नवी चिठ्ठी असेल ती बायनरीत उतरते, मग तुझ्या कोडला नव्या गोष्टीची गरज असो वा नसो. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ मध्ये पीथ्रेड आणि डीएल या लायब्रऱ्या मूळ लिबसीत विलीन झाल्या, आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवी चिठ्ठी मिळाली. उबुंटू २२.०४ वर २.३५ आहे, म्हणून तिथे बांधलेला नुसता 'नमस्कार' छापणारा प्रोग्रॅमही २.३४ मागतो. सेंटओएस ७ वर आहे २.१७. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. तेव्हा जुन्यावर बांध. पायथनवाल्यांचा 'मेनीलिनक्स २०१४' हा कंटेनर सेंटओएस ७ वर बेतलेला आहे आणि त्यात कंपायलर बऱ्यापैकी नवा मिळतो; पायथनशी संबंध नसला तरी खुशाल वापर. सेंटओएस ७ चा आधार जून २०२४ मध्ये संपला, हेही भाऊंच्या कानावर घाल.

पूर्ण स्टॅटिक, म्हणजे सगळ्या लायब्रऱ्या बायनरीच्याच पोटात, का नको? ग्लिबसी स्टॅटिक केली तरी आयकॉन्व्हची कोष्टकं ती चालताना बाहेरून लोड करते, आणि ती त्याच आवृत्तीची लागतात. म्हणजे जे टाळायला गेलास ते मागच्या दाराने आत आलं. खरंच एकसंध बायनरी हवी असेल तर अल्पाइन लिनक्सवर मसल या दुसऱ्या सी लायब्ररीने बांध. फक्त मसलवर बांधलेली डायनॅमिक बायनरी उबुंटूवर नेऊ नकोस. फाइल समोर दिसत असताना शेल 'नॉट फाउंड' म्हणेल, कारण सापडत नाही तो बायनरीत लिहिलेला लोडर असतो, तुझी फाइल नव्हे.

आयसीयूचं दुखणं याहून वेगळं. ग्वाल्हेरला 'डॉट ७०' या नावाची लिंक तिथल्या 'डॉट ५०' फाइलवर जोडून पाहिलीस ना? चालणार नव्हतीच. आयसीयू प्रत्येक फंक्शनच्या नावालाच आवृत्तीचा आकडा चिकटवतं: उबुंटू २२.०४ वर 'यू-स्ट्रलेन-७०', सेंटओएस ७ वर 'यू-स्ट्रलेन-५०'. एसओनेमला फसवता येतं, सिम्बॉलला नाही. आणि हा आकडा आहे हे बरंच आहे. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरी जोडाक्षर तोडायचं नाही असा नियम अक्षरगटांच्या व्याख्येत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी 'क्ष' चे दोन गट मोजेल, नंतरची एक. तुझं टूल ओळीतली अक्षरं मोजून रकाने जुळवतं. लोडरने गुपचूप वेगळी आवृत्ती उचलली असती तर एररही न येता अंकांचे रकाने सरकले असते.

म्हणून माझा सल्ला: आयसीयूची एक आवृत्ती ठरव, मूळ कोडमधून स्टॅटिक बांध, आणि चारही ठिकाणी तीच लिबलिपीच्या पोटात घाल. डेटा सुमारे ३० एमबी वाढवेल, वाढू दे. परवाना मोकळा आहे, त्याची अडचण नाही. आयसीयू आतून सी++ आहे, तेव्हा शेवटचं लिंक सी++ कंपायलरने कर, आणि लिनक्सवर 'एक्सक्लूड-लिब्स' देऊन तिचे सिम्बॉल बाहेर डोकावू देऊ नकोस. लिबलिपीसुद्धा स्टॅटिक कर म्हटलं असतं, पण पुढे ती पायथनमधून वापरायची आहे म्हणतोस, तेव्हा ती एवढी शेअर्ड राहू दे.

लिबलिपीसाठी लिनक्सवर आरपाथ 'डॉलर-ओरिजिन स्लॅश डॉट-डॉट स्लॅश लिब'. मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिही आणि भोवती एकेरी अवतरण दे, नाहीतर मेक किंवा शेल तो गिळून टाकेल. रीडएल्फमध्ये 'ओरिजिन' हा शब्द दिसला तरच खरं. उबुंटूचा लिंकर आता आरपाथऐवजी रनपाथ लिहितो, आणि तो फक्त त्या फाइलच्या थेट गरजांना लागू होतो, गरजांच्या गरजांना नाही. पुढे शेअर्ड लायब्रऱ्यांची साखळी झाली तर प्रत्येकीला स्वतःचा रनपाथ द्यावा लागेल.

मेकफाइलमध्ये 'मायनस एल डीएल, मायनस एल एम, मायनस एल पीथ्रेड' अशी लांबलचक ओळ आहे, ती फोड. फ्रीबीएसडीत डीएल-ओपन मूळ लायब्ररीत, मॅकवर सगळं लिबसिस्टिममध्ये, सोलारिसवर सॉकेटसाठी दोन वेगळ्या लायब्रऱ्या लागायच्या. लायब्ररीचं नाव धरून विचारू नये, फंक्शनचं नाव धरून विचारावं. ऑटोकॉन्फ या बिल्ड-साधनातलं 'सर्च-लिब्स' आधी काहीच न जोडता बघतं, मग एकेक लायब्ररी. सीमेक या दुसऱ्या साधनात 'सीमेक-डीएल-लिब्स' आणि 'थ्रेड्स' आहेत. आणि लायब्रऱ्या नेहमी ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर लिही, उबुंटूचा लिंकर आधी आलेल्यांना गरज नाही समजून टाकून देतो.

ताईंना नवं पॅकेज पाठवण्याआधी ते मॅकपोर्ट्स नसलेल्या मॅकवर चालवून बघ. तुझ्या मशीनवर चालणं हा पुरावा धरू नकोस. त्यांच्याकडचं ओटूलचं आणि ग्वाल्हेरचं 'रीडएल्फ मायनस कॅपिटल व्ही'चं आउटपुट मला पाठव. डिझायनर ताईंचा मॅक इंटेलचा आहे की एम-वन, हेही त्यात लिही, त्यावर दोन वेगळ्या बायनरी करायच्या की एकत्र बांधायच्या ते ठरेल.